लवत्या पापणीची मीमांसा

डोळ्याची पापणी, त्यातही बहुधा खालची, आपोआप आणि थांबून थांबून लवू लागते, या लक्षणाला वैद्यकशास्त्रात मायोकिमिया म्हणतात. डोळ्याभोवती कड्यासारखा पसरलेला, डोळा मिटण्याचे काम करणारा जो ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय नावाचा स्नायू आहे, त्याचे काही तंतू मालकाला न विचारता आकुंचन पावू लागतात आणि त्यामागे सहसा जागरण, ताण किंवा चहा-कॉफीचा अतिरेक असतो. हा प्रकार एका डोळ्यापुरता राहतो, काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपला आपण थांबतो आणि समोरच्याला पुष्कळदा दिसतही नाही. रुग्णाची खरी पंचाईत या शेवटच्या गुणधर्मामुळे होते, कारण ज्याला आपला अर्धा चेहरा नाचतो आहे असे वाटत असते, त्याच्या डोळ्यात डॉक्टर टॉर्च मारतात तेव्हाच नेमकी पापणी, शाळातपासनीस आल्यावर वर्ग बसतो तशी, चिडीचूप बसते आणि "काही नाही हो, झोप घ्या, चहा कमी करा," एवढ्यावर बोळवण होते.

हे उत्तर बरोबर असते. पण फी मोजलेल्या माणसाला ते पचत नाही. निदान रक्त तरी तपासू, निदान थेंब तरी लिहून द्या, अशी विनवणी करून तो रिकाम्या हाताने घरी येतो आणि हेमिफेशियल स्पाझम, म्हणजे चेहऱ्याच्या नसेवर बहुधा एखादी रक्तवाहिनी दाबल्याने डोळ्याबरोबर गालही ओढला जाण्याचा विकार, वाचून काढतो. मग आरशासमोर उभा राहून गालावर पाळत ठेवतो, आणि पुरेसा वेळ रोखून पाहिले तर कोणाचाही गाल हलतो. काळजीने झोप उडते, झोप उडाली म्हणून चहा वाढतो, आणि पुढचे काम पापणी करते.

अशा रुग्णाला साहित्यात मात्र भक्कम आधार सापडतो. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल'च्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या दरबारात येताना शकुंतलेचा उजवा डोळा लवतो, ती घाबरून तसे सांगते, आणि गौतमी अमंगळ टळो, सुख लाभो, अशा आशीर्वादावर तिची समजूत काढते. त्यानंतर थोड्याच वेळात राजा तिला ओळखतच नाही. लक्षण खरे ठरले आणि धीर देणारे माणूस चुकले, याचा इतका ठळक दाखला कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात मिळणार नाही. शकुंतलेला झोप आणि कमी चहा सुचवण्याची सोय तेव्हा नव्हती, हे वेगळे.

पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ, उलट झाल्यास अशुभ, हा संकेत घराघरांत आजही शाबूत असून त्याचा मोठा गुण असा की, घरातील वडीलधारी मंडळी 'काही नाही' असे कधीच म्हणत नाहीत. तथापि या शाखेतही तांत्रिक अडचण उद्भवली आहे. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला पापणीचा व्हिडिओ काही फोनवर आरशासारखा उलटून साठतो, काहींवर सुलटा, त्यामुळे दोन फोनांवरून दोन व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर गेले की काकूंना धनलाभ दिसतो आणि आत्याबाई शनिवारी मारुतीला तेल वाहायला सांगतात, हा वाद घेऊन रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा डॉक्टर मान वर न करता सांगतात, "डावा असो की उजवा, चहा तेवढाच कमी करायचा."