मालक आत्ताच आत गेले

लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये, 18 फोलगेट स्ट्रीटवर एक घर आहे. तिकीट काढायचं, तोंड मिटायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात दहा खोल्या हिंडायच्या. इथे जर्विस नावाचं रेशीम विणकरांचं कुटुंब राहतं, पण दिसत कोणीच नाही. दिसतो तो अर्धवट राहिलेला चहा, चुरगळलेलं अंथरूण, पलंगाजवळचं मूत्रपात्र. पलीकडच्या खोलीत कुजबुज ऐकू येते, आपण गेलो की बंद. गणपतीची वर्गणी मागायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांना हा नाट्यानुभव दरवर्षी फुकट मिळतो.

मौज अशी, की हे जर्विस कधी जन्मलेच नाहीत. कॅलिफोर्नियाच्या डेनिस सेव्हर्सने 1979 साली हे जुनं घर विकत घेतलं, त्यात एक अख्खं घराणं कल्पनेतून वसवलं आणि 1999 साली मरेपर्यंत तो त्यांच्यासोबत राहिला. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही, हा त्याचा लॅटिनमधला बाणा. समीक्षकांची तोंडं बंद करायला इतकं आटोपशीर वाक्य आपल्या प्रायोगिक रंगभूमीलाही सुचलेलं नाही. पाहुण्यांना तो स्वतः घरातून फिरवी आणि खुळचट शंका विचारणाऱ्याला सरळ बाहेर काढी. हल्ली त्याच्या त्या फेरीवर बेतलेला प्रयोग एक नट करतो. मध्यंतर नाही, म्हणजे बटाटेवडाही नाही.

खालच्या मजल्यांवर सुबत्ता आणि वर माळ्यावर दारिद्र्य, अशी मांडणी आहे. धंदा बुडाल्यावरचे विणकर तिथे दाटीवाटीने राहतात, म्हणजे न दिसता राहतात. ओल, काजळी, कळकट कपडे. जवळच बँकांच्या काचेच्या इमारती आहेत. तिथून सुटलेल्या साहेबाला संध्याकाळी अस्सल गरिबी हुंगायची असेल तर चार पावलांवर सोय आहे, आणि गरिबांशी बोलावं लागत नाही. बोलायला बंदीच आहे.

अनुभव अस्सलच द्यायचा तर व्यवस्थापनाला एक सूचना. 1719 साली याच भागातले विणकर हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील सुती कापडावर खवळले होते. भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे या कापडाचे, म्हणजे कॅलिकोचे, कपडे त्यांनी फाडले. तेव्हा दारातच एक नट उभा करावा आणि सुती कुर्ता घालून आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा कुर्ता त्याने टराटरा फाडावा. गुंतून जाण्याची हौस पुरती फिटेल. आपल्याकडच्या पाहुण्यांना तिकिटात सवलत द्यावी, कारण कापड आपलं होतं.

विणकरांचं तेव्हा सरकारने ऐकलं. 1721 साली छापील सुती कापड वापरण्यावर कायद्याने बंदी आली आणि हे घर त्यानंतर दोन-चार वर्षांत उभं राहिलं. बंदी उठली 1774 साली. तोवर इंग्रजांना सुती कापड स्वतः काढता येऊ लागलं होतं.