चितेगावकरांची पहिली क्रूझ : पूर्वतयारी व अंदाजपत्रक

क्रूझला जायचे ठरले की प्रथम घराची दारे लावून घ्यावीत. बातमी फुटण्याआधीचा खर्च आणि फुटल्यानंतरचा खर्च यांत मेव्हण्याच्या कुटुंबाइतका फरक पडतो.

समुद्राचा अनुभव नाही याची चिंता करू नये. आपले जवळचे मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. तो ज्याच्यामुळे झाला त्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन 1976 साली झाले, आणि तिथले पाणी संभाजीनगरच्या नळांना अजूनही काही दिवसांआड भेटायला येते. पाणी डोळ्यांनी भरपूर पाहायचे, हाताला लागू द्यायचे नाही, ही क्रूझची मुख्य अट आपल्या भागात सर्वांना पाठ आहे. हेलकाव्यांचा सराव पैठण रोडवर, दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून करावा.

आता जहाज. मुंबईहून 2021 पासून कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ गोव्याच्या, लक्षद्वीपच्या फेऱ्या करते. बांधणी 1990 ची, आधी परदेशी कंपनीकडे होते. म्हणजे सेकंडहँड, पण ते आपल्याला नवे नाही. बोटीच्या प्रवासाबाबत आपल्या कंपनीतल्या कोकणी सहकाऱ्याचा सल्ला मात्र घेऊ नये. त्याचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसत, डेकवर चादर पसरत आणि आपल्या गावी उतरत. आपण जिथून निघालो तिथेच परत उतरायचे पैसे भरणार आहोत, हे त्याच्या डोक्यात शिरणार नाही.

अंदाजपत्रकाकडे वळू. जाहिरातीत ‘फक्त’ जितके मोठे, तितकी खालची अक्षरे बारीक. हिशेबाच्या सोयीसाठी माणशी 20,000 धरा. हा दर एका खोलीत दोघे धरून असतो. एकटा गेला तर न आलेल्या माणसाच्या भाड्याचाही बराच भाग त्यालाच भरावा लागतो. (याच कलमाखाली मेव्हणा पुन्हा चर्चेत येण्याचा धोका आहे.) मग बंदराचे शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी. हे सगळे मिळवून जो आकडा येतो त्याला भाडे म्हणावे. 20,000 ला आमिष म्हणावे.

जहाजावर जेवण ‘मोफत’ असते, म्हणजे त्याचे पैसे आधीच घेतलेले असतात. कोल्ड्रिंक, दारू, खास रेस्टॉरंट, वायफाय, मसाज, गोव्यात उतरून फिरणे यांचे वेगळे. तिथे खोलीचे कार्डच पाकीट असते. नोट हातातून जात नाही म्हणून काहीच दुखत नाही; सगळे दुखणे शेवटच्या सकाळी बिलावर एकदम येते. यासाठी कार्ड घरातल्या सर्वांत चिकट माणसाच्या ताब्यात द्यावे. असा माणूस प्रत्येक घरात असतो, आणि त्याची कदर करण्याची ही पहिलीच संधी.

पैसा दिवाळीच्या बोनसमधून काढावा. भिशी लागण्याची वाट पाहू नये. ती हमखास जूनमध्ये लागते आणि पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या बंद असतात.

खोली आतली, बिनखिडकीची घ्यावी. ती सर्वांत स्वस्त, आणि समुद्र डेकवर सगळ्यांना सारखाच दिसतो. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध मिळाली तर उलट्याही कमी. बाल्कनी ही ज्यांना झोपेतही समुद्र परवडतो त्यांच्यासाठी.

देवगिरी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला उतरवते, जहाज सहसा दुपारनंतर सुटते. मधल्या तासांत मुंबई जे खाते ते ‘किरकोळ’मध्ये लिहावे. इस्त्री, किटली, घरचे डबे जहाजावर चढू देत नाहीत. दशम्या आणि ठेचा मनमाड सोडण्यापूर्वी संपवावा. आईला ही गोष्ट कोण सांगणार, हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

परतल्यावर सगळे एकच विचारतील : किती लागले? कंपनीत दीडपट सांगावे, सासुरवाडीत निम्मे. ज्याच्याकडून हातउसने घेतले आहेत त्याला लकी ड्रॉ लागला म्हणावे. किनारा लांब गेला की मोबाईलची रेंज जाते, म्हणून स्टेटस त्याला दिसणार नाही अशी सेटिंग धक्क्यावरच करून घ्यावी.