जावापबुवा

जावा लिहिणाऱ्या प्रत्येक टीममध्ये एक जावापबुवा असतात. आमचे हिंजवडीत असतात.

कुणी सहज बोलून जातं, "व्हाइलपेक्षा फॉर लूप फास्ट असतो म्हणे." बुवांची खुर्ची गर्रकन वळते. "म्हणे? बघितलंयस?" लगेच टर्मिनलची काळी खिडकी उघडते, दोन्ही लूपांची चिमुकली फाइल कंपाइल होते आणि जेडीकेबरोबर फुकट येणारं 'जावाप' चालवून बुवा बाइटकोड पडद्यावर आणतात.

"आयकॉन्स्ट-झिरो, आयस्टोअर-वन..." बोट स्क्रीनला टेकवून पोथी सुरू. "पाचव्या बाइटला तपासणी, अकराव्याला गोटू, परत दोनवर. आता व्हाइल. आयकॉन्स्ट-झिरो..." "कळलं सर, सेम आहे," पोरं गयावया करतात. पण दुसरा अध्याय टळत नाही. फ्रेशर्सची नवी बॅच आली की आय-प्लस-प्लस आणि प्लस-प्लस-आय यांचाही निकाल लागतो: लूपमध्ये नुसतं वाढवायचं असेल, तर दोन्हींचं एकच, आयइंक.

खरं तर सारखेपणा निघाला की बुवांचं तोंड उतरतं. त्यांना फरक हवा असतो. पाचापर्यंतचा आकडा एका बाइटात बसतो, सहाला बायपुश, म्हणजे दोन बाइट. हे सांगताना त्यांचा आवाज कापतो. लूप उलटा, शून्याकडे मोजत नेला की दर फेरीला एक सूचना वाचते, हे दिसलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वडापाव दिला. लिस्टवरच्या फॉर-ईचवर मात्र राग. "वरून किती साधा! आत इटरेटर लपवलाय, हॅजनेक्स्ट काय, नेक्स्ट काय, वर चेककास्ट!"

"पण सर, गरम लूप हॉटस्पॉटचा जेआयटी मशीन कोडमध्ये बदलतोच ना?" एका मुलीने विचारलं. मुद्दा बिनतोड होता. बाइटकोड सारखा असेल तर वाद मिटतो. वेगळा असेल तर वेगाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बुवांनी चष्मा पुसला आणि चहाला निघून गेले.

परवा एक रिपोर्ट दहा मिनिटं रेंगाळत होता. बुवांना बोलावलं. त्यांनी दुपारभर खपून लूप उलटा केला. रिपोर्ट दहा मिनिटंच. तीच मुलगी हळूच म्हणाली, "सर, आत प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी डेटाबेस क्वेरी जातेय."

"ते लूपच्या आतलं झालं," बुवा म्हणाले. "आपण लूपबद्दल बोलतोय."