गोधडीत कोण आहे?

सिनेमन रोलच्या कुठल्याही कृतीत एक वाक्य हमखास सापडतं : मळलेलं पीठ झाकून उबदार जागी तासभर ठेवा आणि त्याला हात लावू नका. मैदा, यीस्ट, लोणी, दालचिनी सगळं मंचरला मिळतं. कुणीही हात न लावलेला एक तास मात्र आमच्या निरगुडसरात कुठल्याच दुकानात मिळत नाही.

ओव्हन आमच्या घरात आला तो पुतणीमुळे. ती पुण्यात शिकते. दिवाळीला येताना तिने ओटीजी आणला, केक केला, सगळ्यांना ‘छान झालाय’ म्हणायला लावलं आणि जाताना तो ओव्हन इथेच ठेवून गेली. आईला पापडाचे डबे ठेवायला बरी जागा झाली; काचेतून दिसतात आणि मुंग्या लागत नाहीत. मग परवा पुतणीचा फोन : “काका, शुक्रवारी सकाळी येतेय. सिनेमन रोल करून ठेवा. पीठ हातानेच मळा हं, मशीन नको.” मशीन होतं कुठे? पण निवृत्त मास्तराला ‘वेळ नाही’ म्हणायची सोय नसते. गुरुवारी दुपारी मी बाह्या सरसावल्या.

गुरुवार, तोही मार्गशीर्षातला. ही बाब कृतीत कुठेच लिहिलेली नव्हती.

हा पदार्थ उत्तर युरोपातला. स्वीडनमध्ये तर त्याच्या नावाचा दिवस असतो, ४ ऑक्टोबर. १९९९ पासून तो साजरा होतो आणि त्यामागे घरगुती बेकिंगचा प्रसार करणारी एक संस्था आहे, जी यीस्ट, मैदा, साखर विकणाऱ्या मंडळींनीच उभी केलेली. लोकांच्या घरात प्रेमाने साखर कशी पोचवायची, हे साखर कारखान्याच्या टापूत राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. माझी तक्रार त्यांच्या लोण्याबद्दल आहे. ‘लोणी रूम टेंपरेचरला असावं’ म्हणे. तिकडच्या घरांना बारा महिने एकच तापमान. आमच्या खोलीत मे महिन्यात लोणी ओतावं लागतं आणि मार्गशीर्षात विळी घेऊन बसावं लागतं.

पुढे ब्राऊन शुगर. ही काय चीज आहे ते शोधलं आणि मी थक्क झालो. उसाच्या रसातली मळी मोठ्या खटपटीने बाजूला काढून साखर पांढरी करायची आणि मग त्याच साखरेत थोडी मळी पुन्हा कालवायची. बाजारातली बरीचशी ब्राऊन शुगर अशीच तयार होते. पहिलं निम्मं काम इथून जवळच, पारगावच्या भीमाशंकर कारखान्यात रोज होतं. गाळप चालू झालं की उसाच्या ट्रॉल्यांमागून स्कूटर चालवणं हाच आमचा हिवाळा. एवढा द्राविडी प्राणायाम आम्हाला मंजूर नव्हता. मी गूळ किसला.

कोमट दुधात यीस्ट सोडलं. दूध बोटाला सोसेल इतपतच हवं; साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. हे मी मोठ्याने बोललो आणि तिथेच घोळ सुरू झाला. ओट्याशी पूजेची तयारी करणारी बायको वळली. “मरतं म्हणजे? अहो, ते जिवंत आहे?”

“सूक्ष्म बुरशी असते. साखर खाते, वायू सोडते, म्हणून पीठ फुगतं.”

“आणि ओव्हनमध्ये?”

“...ओव्हनमध्ये मरते.”

“आज गुरुवार आहे,” ती म्हणाली. विरजणातही कोट्यवधी जीव असतात आणि कढीत त्यांचीही तीच गत होते, हे मी सांगितलं. कढी तिच्या माहेरची आहे, त्यामुळे तो मुद्दा नामंजूर झाला. यीस्ट साखरेपासून थोडा अल्कोहोलही बनवतं आणि मळीपासून स्पिरिट काढणारंही हेच बेणं, हे मात्र मी गिळून टाकलं.

मळायला घेतलं. अर्धा किलो मैदा परातीत बोटांना असा चिकटला, की नाक खाजवायचीही पंचाईत. दहा मिनिटं मळल्यावर पिठाचा गोळा ताणून उजेडाकडे धरायचा. न फाटता पलीकडचं अंधुक दिसलं तर झालं. माझ्या गोळ्यात पहिल्यांदा भोकच दिसलं. आई इतका वेळ वाती वळत बसली होती. तिने पुरणपोळीची कणीक तिंबण्यात साठ वर्षं काढली आहेत. “सरक तिकडं,” एवढंच म्हणाली, तेलाचा हात घेतला आणि गोळा परातीत आपटायला लागली. थोड्या वेळाने तिने पातळ पापुद्रा ताणून माझ्या चेहऱ्यासमोर धरला. पलीकडून मला तिचा चष्मा दिसला.

आता तो तास. घोड नदीकडून थंडी चढायला लागली होती आणि पीठ हलायचं नाव घेईना. आईने पातेल्याला फडकं बांधलं, ते आतल्या कॉटवर उशीला टेकवून ठेवलं आणि वर दोन गोधड्या घातल्या.

पाच मिनिटांत शेजारचे तात्या आले. माळकरी, ऐंशीच्या घरातले. दारातूनच आवाज खाली आणून विचारलं, “कोन आजारी हाय, गुरुजी?”

“कुणी नाही, तात्या. पीठ आहे.”

तात्या क्षणभर गप्प. मग त्याच हलक्या आवाजात, “पिठाला काय झालं?”

त्यांना दाखवणं भाग होतं. गोधडी उघडली, उघडली तेवढी ऊब गेली. तात्यांनी एक बोट पिठात खुपसून पाहिलं आणि ‘मऊ हाय’ असा निर्वाळा दिला. ते बाहेर पडले आणि बातमीही पडली. मग नळावरच्या दोघी आल्या. मग दुधाची किटली घेऊन डेअरीला निघालेला भाचा आला. प्रत्येकाने गोधडी उचलली, प्रत्येकाचं एकेक बोट. इडलीचं पीठ आहे, सोडा कमी पडला, दृष्ट लागली असणार, अशी निदानं झाली. एकीने तर खरंच मीठमोहऱ्या मागितल्या. एवढं होऊनही पीठ अडीच तासांनी दुप्पट झालं. यीस्टच्या चिवटपणाबद्दल मला त्या दिवसापासून आदर आहे.

पुढचं काम आईने मला करूच दिलं नाही. लाटलेल्या पोळीवर लोणी, गूळ, दालचिनी पसरून घट्ट गुंडाळी करायची आणि तुकडे पाडायचे, हे ऐकल्यावर ती म्हणाली, “म्हंजी मासवडीच की.” आमच्या जुन्नर-आंबेगावात शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापून, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण भरून फडक्यानेच वळतात. नाव मासवडी, पण गुरुवारी चालते. आईने मैद्याची पोळीही फडक्यावर घेतली आणि एका ओढीत गुंडाळी केली. सुरीने रोल चेपतो म्हणून कृतीत दात कोरायचा दोरा सांगितला होता. आईने कृतीकडे दयेने पाहिलं आणि गोधड्या शिवायच्या रिळाचा नवा दोरा काढला. दोरा खालून घालायचा, वर कैची करायची, ओढायचा. बारा रोल, एकही चेपलेला नाही.

पापडाचे डबे बाहेर, रोल आत. एकशे ऐंशी अंश, पंचवीस मिनिटं. पंधराव्या मिनिटाला वास सुटला.

दालचिनीचा आमच्या आळीला परिचय आहे तो एकाच कामातून. वाटण परतलं, त्यात खडा मसाला पडला, की आज रविवार आणि पातेल्यात मटण. किराणा दुकानात मिळते ती जाड सालीची, झणझणीत दालचिनी. श्रीलंकेतली नाजूक, पापुद्र्यांची असती तर कदाचित निभावलं असतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, दिवेलागणीला, ज्या घरात घट मांडलेला आहे तिथून तो वास गल्लीभर पसरला. खिडक्या उघडल्या. तात्या पुन्हा आले, या वेळी गळ्यातल्या माळेवर हात ठेवून.

“गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा न्हवती.”

बायकोने ओव्हनचं दार उघडून त्यांना साक्षात दर्शन घडवलं. तात्यांनी वाकून पाहिलं. खात्री पटायला चव घेणं आवश्यक आहे, असं त्यांचं मत पडलं. रोल पंधरा मिनिटं निवू द्यावेत असं कृती सांगते. तात्यांनी एक चहात बुडवून निववला. तोवर नळावरच्या दोघी खात्री करायला आल्या, भाचा डेअरीतून परतला, त्याच्या मागे आणखी दोघे. ऊसतोड चालू असल्याने बिबटे सैरभैर आहेत, अंधारात एकट्याने जायला नको, सोबत मिळेपर्यंत थांबावंच लागतं, हे सगळ्यांनी एकमेकांना पटवलं आणि थांबले. बायकोने आरती उरकून उपास सोडला तो मधल्या, सगळ्यात मऊ रोलवर. जीवहत्येचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

आईने अर्धा खाल्ला. “बरं हाय. पर लसूण पायजे होता, आन् वर लाल रस्सा.”

शुक्रवारी सकाळी पुतणी आली, तेव्हा तिच्यासाठी वाटीभर आयसिंग शिल्लक होतं, चक्का आणि पिठीसाखर फेटून केलेलं. रोलवर ते घालायला सवडच मिळाली नव्हती. तिने ते बाजरीच्या भाकरीला लावून खाल्लं, फोटो काढला आणि मला विचारलं, “काका, ओव्हन परत नेऊ का?” मी काही म्हणायच्या आत आईने पापडाचे डबे आत सरकवले.