फॅमिली डॉक्टर : वापर आणि निगा

दरवर्षी १ जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जन्मदिनी, आपल्याकडे डॉक्टर दिन साजरा होतो. त्या दिवशी पहाटे सहा वाजता आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या मोबाइलवर जोडलेल्या हातांचे आणि गुलाबाचे चित्र पाठवावे. सव्वासहाला त्याच चित्राखाली ‘रात्रीपासून जुलाब होताहेत, काय घेऊ?’ असे विचारावे. कृतज्ञता आणि कन्सल्टेशन एकाच फेरीत उरकणारी ही पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी पुढील मार्गदर्शन.

फॅमिली डॉक्टर निवडता येत नाही. मुलांना तो वारशात मिळतो, नव्या सुनेला लग्नानंतरच्या पहिल्या सर्दीत. पाटीवर एम.बी.बी.एस. आहे, बी.ए.एम.एस. आहे की बी.एच.एम.एस., हे वीस वर्षे त्या पाटीखाली चपला काढूनही अनेकांना सांगता येणार नाही. आपण एकच पदवी बघतो : ‘हाताला गुण आहे.’ ती विद्यापीठ देत नाही, शेजारच्या काकू देतात.

दवाखान्याची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ असल्यास नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचावे. शटर अर्धे खाली आले असेल तर वाकून आत शिरावे. गर्दी असल्यास ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’ असे पुटपुटत पुढे सरकावे. मांडीवर काळी बॅग घेऊन बसलेला टायवाला तरुण पेशंट नाही, एमआर आहे; त्याच्या आधी घुसायला नीतिशास्त्राची हरकत नाही.

आत गेल्यावर दुखणे सांगण्याची शास्त्रोक्त रीत अशी. सुरुवात भाच्याच्या मुंजीपासून करावी, कारण पोट तिथे बिघडले. मग काय काय खाल्ले, वाढपी कोण होता, मठ्ठा कसा आंबट होता. डॉक्टर मध्ये बोलू लागल्यास ‘सांगतो ना’ म्हणावे. हे चालू असताना ते दंडाला पट्टा गुंडाळून ब्लडप्रेशर मोजत असतील तरी थांबू नये. वास्तविक मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अर्धा तास आधीपासून चहा टाळावा, पाय जमिनीला टेकवावेत आणि तोंड बंद ठेवावे असा नियम आहे. नुसत्या बोलण्यानेही वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. म्हणून तर डॉक्टर तुम्हाला ‘जरा गप्प बसा’ म्हणतात आणि दुसऱ्यांदा मोजतात. तो उद्धटपणा नव्हे, ते तुमची एक गोळी वाचवत असतात.

खरे दुखणे मात्र इथे सांगायचेच नाही. ते राखून ठेवावे. चिठ्ठी हातात पडली, पैसे दिले, दाराच्या कडीला हात लागला की मान वळवून म्हणावे, ‘आणि हो, हल्ली जिना चढताना छातीत जरा भरून येतं. वय झालं, दुसरं काय!’ मुरलेले डॉक्टर पंधरा मिनिटे मुंजीचा मठ्ठा ऐकून घेतात ते या वाक्यासाठीच. ते तुम्हाला पुन्हा खुर्चीवर बसवतील आणि ईसीजी काढायला लावतील. बाहेर नंबर लावून बसलेली मंडळी घड्याळ बघतील. बघू द्यावे. त्यांचेही दारातले वाक्य अजून सांगायचे राहिले आहे.

आता सुई. ‘डॉक्टर, एक सुई मारा, लवकर बरं वाटेल’ ही मागणी आपल्या समाजात शतकानुशतके नसली तरी निदान तीन पिढ्या चालत आली आहे. त्याआधी कंपाउंडर गुलाबी मिक्श्चरची बाटली भरून द्यायचा आणि डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी तिला चिकटवायचा. आता कणकण असो की परीक्षेची भीती, सुई हवी. तीही न जमल्यास सलाईन. ‘अंगात ताकदच नाही’ असे म्हणून अर्ध्या लिटरची बाटली टांगून घेणाऱ्यांनी जाता जाता हिशेब करून बघावा. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते. पाच टक्के ग्लुकोजची बाटली घेतली तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. दोन पोळ्यांत याहून जास्त ताकद आहे, आणि त्यांना शीर शोधावी लागत नाही.

उलट्या-जुलाबांत अंगातले पाणी फार गेले असेल, तोंडाने काही टिकत नसेल तेव्हा सलाईन जीव वाचवते, हे खरेच. पण तोंडाने जाते आहे तोवर ओआरएसचे पाकीट पुरते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात विरघळवून तेच रुग्णांना पाजायला लावले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. इतके मोठे औषध आपले फॅमिली डॉक्टर काही रुपयांच्या पाकिटावर बोट ठेवून सुचवतात, तेव्हा आपण म्हणतो, ‘हे तर घरी पण होतं, तुम्ही काय देताय?’ चेहरा पडलेला दिसलाच पाहिजे. तशी प्रथा आहे.

कारण त्यांचे कसब देण्यात नसून न देण्यात आहे, ही गोष्ट आपल्या पचनी पडलेली नाही. घसा धरला की अँटिबायोटिक हवे. विषाणूच्या सर्दीवर ते चालत नाही हे ऐकायला आपण आलेलो नसतो. आजोबांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन तज्ज्ञांच्या तीन चिठ्ठ्या निघतात : हृदयाची, गुडघ्याची, पोटाची. तिन्हींवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने एकच पॅन्टोप्राझोल. फॅमिली डॉक्टर चष्मा कपाळावर चढवतात आणि दोन ओळींवर आडवी रेघ मारतात. त्या रेघेला पावती नसते. मेडिक्लेममध्ये ती बसत नाही. मला विचाराल तर अख्ख्या केसपेपरवर त्याहून मोलाचे अक्षर सापडणार नाही (अक्षर लागत नाही, हा भाग वेगळा).

डेंग्यूच्या मोसमात विशेष दक्षता घ्यावी. नात्यातले सगळे पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेटचे आकडे घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर सरसावलेले असतात. डॉक्टर फक्त पॅरासिटामॉल लिहितात आणि बजावतात, ‘अंग दुखलं तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घ्यायचं नाही.’ तीन-चार दिवसांत ताप उतरतो. आपण अंघोळ करून, नवा शर्ट घालून ऑफिसला निघतो आणि नेमका तेव्हा फोन वाजतो : ‘पोटात दुखतंय का? उलटी? लघवी नीट होतेय? आज रक्त पुन्हा तपासा, घरीच थांबा.’ डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो, हे त्यांना ठाऊक असते. आपल्याला फक्त ताप उतरल्याचे ठाऊक असते. अशा वेळी ‘अहो, मी एकदम ठणठणीत आहे’ असे सांगून फोन ठेवण्याचा मोह होईल. या मार्गदर्शिकेत विनोद नसलेली सूचना एवढीच : ठेवू नये.

लग्नसमारंभात डॉक्टर पंगतीला बसले की शेजारची खुर्ची मिळवावी. जिलेबी त्यांच्या पानात पडताच आपली शुगर सांगावी. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी मोबाइलवर उघडून तयार ठेवावा, म्हणजे त्यांना डावा हात तरी मोकळा मिळतो. जीभ दाखवायची झाल्यास मठ्ठ्यानंतर दाखवावी.

काही जाणकार विचारतात : एकाच डॉक्टरला चिकटून राहण्यात फायदा काय? नॉर्वेत यावर मोठा अभ्यास झाला आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्या लोकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जेमतेम वर्षभराच्या ओळखीवाल्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आढळले. हॉस्पिटलात भरती होण्याचे प्रमाणही तसेच घटलेले. नॉर्वेत बहुधा मुंजीचा मठ्ठा नसावा, तरीही हा आकडा. आपल्याकडच्या डॉक्टरांना तुमच्या वडिलांना पेनिसिलिनने पुरळ उठले होते, आईला रिपोर्टची भाषा ऐकवायची नाही आणि तुम्ही ‘जरासं’ म्हणालात की खूप समजायचे, एवढे सगळे न लिहिता पाठ असते. ही माहिती कुठल्याही अ‍ॅपवर भरून देऊन बघा. ‘जरासं’पाशीच फॉर्म अडकेल.

राहता राहिली फी. तज्ज्ञाकडे आत जाण्याआधीच हजार रुपये भरून पावती जपून ठेवणारे आपण, इथे ‘किती झाले?’ विचारताना पाकीट निम्मेच बाहेर काढतो. काही न देता ‘काही नाही झालंय, आराम करा’ म्हणून पाठवले, तर तेवढेही नाही. दिलेच काय, पैसे कसले? वास्तविक ‘काही नाही’ म्हणायला छातीला नळी लावावी लागते, पोट दाबून बघावे लागते, आणि चुकले तर आपलीच मान अडकेल याची जाणीव ठेवून ते म्हणावे लागते. दहा तपासण्या लिहून देणे त्याहून सोपे. तेव्हा ‘काही नाही’ची फी दुप्पट धरावी.

ते ‘राहू द्या हो’ म्हणतील. पहिल्यांदा ऐकू आले नाही असे दाखवावे. दुसऱ्यांदा म्हणाले की नोट औषध कंपनीच्या पेपरवेटखाली सरकवावी आणि उठावे. उठताना गुडघ्याचा विषय काढू नये.