आसनसिद्धी

2022 मध्ये सायकलपटू मातेय मोहोरिचने ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे कळ दाबून सीट खाली-वर करणारा दांडा, लावून पोज्जो टेकडीचा उतार मारला आणि मिलान–सान रेमो शर्यत जिंकली. या शास्त्राचे खरे चीज मात्र पुण्यातल्या सिग्नलवर झाले. पाय टेकायला सीट 150 मिलिमीटर खाली येणे अपुरे, म्हणून जाणकार 200चाच घेतात. फ्रेमला 30.9 मिलिमीटर व्यासाचा लागतो की 31.6, हे पैसे भरल्यावर कळते. तेव्हा फ्रेम बदलावी, पोस्ट परत करणे शोभत नाही. क्लॅम्प फार आवळला की सीट वर येताना कुंथते. दांडा मऊ फडक्याने पुसावा, सील चिखलापासून जपावे. सायकल बाहेर न काढणे सर्वोत्तम. आमचे एक शेजारी रोज दिवाणखान्यातच कळ दाबतात, सीट ‘टक्‌’ करून वर येते, आणि ते समाधानाने स्कूटरवरून भाजी आणायला जातात.