कोणते भुंगेरे?

आमच्या नागपुरात पाहुणा पाणी प्यायच्या आधी त्याला प्रश्न येतो, ‘तुम्ही कोणते देशपांडे?’ मूळ गाव, आजोळ, एखादा वकील मामा निघाला की मगच चहा. किड्यांच्या बाबतीत मात्र आम्ही असली चौकशी करत नाही. चालला तो किडा, उडाला तो पाखरू, चावला तर चप्पल.

मागच्या हिवाळ्यात गच्चीवरच्या मुळ्याची पानं चाळणीसारखी झाली. पानावर एक काळपट अळी. बोट लावलं तर वेटोळं करून खाली पडली, मेल्याचं सोंग. मी भिंग घेऊन तिचे पाय मोजायला बसलो.

“काय मोजून राहिला रे?” आई.

“पाय.”

“नोकरी सोडली काय?”

पण सगळी मेख पायांतच होती. फुलपाखराच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या फार तर पाच जोड्या. हिच्या आठ भरल्या. म्हणजे घराणं फुलपाखराचं नाही, गांधीलमाशीचं! हिची आई शेपटाकडच्या इवल्या करवतीनं पान चिरते आणि त्यात अंडी घालते. गांधीलमाशीच्या गोतातली असून हिला ती बारीक कंबर मात्र नाही. असे नातेवाईक कोणत्या लग्नात नसतात?

तरी मला निदान आख्खी अळी मिळाली होती. इथल्याच टाकळीला हिस्लॉप आणि हंटर या दोन मिशनऱ्यांनी लाव्हाच्या थरांमधल्या दगडांतून जीवाश्म गोळा केले. त्यांत भुंगेऱ्यांच्या पाठीवरची टणक पंखझाकणंही होती, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. १८६० साली कीटक-अभ्यासक अँड्र्यू मरे यांनी त्यांची कुळं लावली. नावं ठेवताना एकाला हिस्लॉपचं, दुसऱ्याला हंटरचं. नुसत्या पाठीवरून माणूस ओळखणारे आमच्या गल्लीतही आहेत, पण ते निदान चालताना बघतात.

भुंगेऱ्यांना स्वतःला असलं काही लागत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर जमतात. मिशीच्या टोकाला तीन पाकळ्या. नर त्या पंख्यासारख्या उलगडतो, की त्यांवरची सूक्ष्म गंधकेंद्रं हवेतून बरोबर आपल्याच जातीची मादी हुंगून काढतात. पत्रिका नाही, मध्यस्थ नाही, अंधारात सगळं जमतं. आपले विद्वान मात्र तेवढ्याचसाठी सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून घेतात.

परवा असाच एक भुंगेरा ट्यूबलाइटला धडकून माझ्या वहीवर उताणा पडला. सरळ केला. त्यानं मिशा बाहेर काढल्या, तिन्ही पाकळ्या उघडल्या आणि माझ्या दिशेनं धरल्या. कुळाची चौकशी चालली असावी. क्षणभरात त्यानं त्या मिटल्या आणि पुन्हा ट्यूबलाइटवर जाऊन आदळला.

“कोणता होता?” आईनं आतून विचारलं.

“हुमणीचा.”

“मंग पाहत काय बसला? त्याची पोरं मुळं खातात!”

कुळ निघालं आणि आई चप्पल शोधू लागली.